राजमा, छोले आणि कॅनडाचा पंतप्रधान

"अरे, पलीकडं कॅनडाचा पंतप्रधान ठरतोय आणि तू मला पाना मागतोस?"

साडूभाऊ ओरडत होते. त्यांचा आवाज मुळातच असा, की ते मस्कतमधल्या अझैबाच्या घरात शिंकले तर दोनशे किलोमीटरवरच्या सूर गावच्या किनाऱ्यावरची गलबतं आपापले नांगर तपासून घेतात. त्यात आम्ही उभे होतो एका रिसॉर्टच्या एसीच्या खोलीत. समोर लोखंडी पेटीत माणसाएवढा पंखा घरघरत होता, त्यामुळं ओरडण्याला इलाजही नव्हता. मी एक हात मागं करून पाना मागत होतो आणि दुसऱ्या हातानं पंख्याचं बटण शोधत होतो. साडूभाऊंनी तेच वाक्य आणखी वरच्या पट्टीत घेतलं. मला बटण सापडलं. "अरे, पलीकडं" पर्यंत पंखा चालू होता, आणि "कॅनडा"ला तो बंद पडला.

या खोल्यांची एक गंमत असते. हॉलमधली हवा परत येण्यासाठी भिंतीत मोठी जाळी असते. पंखा बंद झाला की हॉलमध्ये कुणी कुजबुजलं तरी इकडं ऐकू येतं, आणि अर्थातच इकडचं तिकडं. साडूभाऊंचा "कॅनडा" त्या जाळीतून गेला, हॉलच्या चारी भिंतींना आपटला आणि दोनदा परत आला. पलीकडं चाललेलं बोलणं थांबलं. एक चमचा पडला.

आता जरा मागं जातो, नाहीतर तुम्ही म्हणाल, या माणसानं कॅनडाचा पंतप्रधान एसीच्या खोलीत कशाला आणला.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला मी ताई म्हणतो. चेंबूरची माणसं, मस्कतमध्ये वीसेक वर्षं झाली. ताई एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. कॅनडाला कायमचं जाण्याचा अर्ज तिच्या नावानं केलेला: शिक्षण तिचं, गुण तिचे, इंग्रजी तिचं. साडूभाऊ त्या अर्जात 'सोबत येणारे' होते, आणि हे दोन शब्द त्यांच्या पायात काट्यासारखे रुतून बसले होते. तरी अर्ज मंजूर झाला. लेकीला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आता तिघांचे पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी महिनाअखेरच्या आत पाठवायचे एवढंच राहिलं होतं. पासपोर्ट साडूभाऊंच्या कपाटात, किल्ली साडूभाऊंच्या खिशात, आणि खिशावर साडूभाऊंचा हात.

हट्टाचं कारण म्हणाल तर मत.

आमच्या घरांत मत ही साधी गोष्ट नाही. ज्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता, त्यांच्याच मुलाच्या हातात एक दिवस सरपंचाच्या मताएवढ्याच वजनाचं मत आलं. तेव्हापासून आमच्याकडं मतदानाला इस्त्रीचे कपडे घालून जातात. साडूभाऊंच्या आई पाय मोडलेला असताना खुर्चीत बसून गेल्या होत्या, आणि खुर्ची उचलणाऱ्या दोघांना त्यांनी वाटेत दोनदा विचारलं होतं, तुमचं झालं का? अशा बाईचा हा मुलगा. पण इथं परदेशात मत कुठलं? भारतात जाऊन द्यावं तर निवडणूक आणि रजा यांची कधी गाठ पडली नाही. वीस वर्षं साडूभाऊंच्या बोटाला शाई लागली नव्हती. म्हणून आधी तेच कॅनडासाठी नाचत होते. पाच-सहा वर्षांनी नागरिक होऊ, ताठ मानेनं मत देऊ!

मग त्यांनी व्हिडिओ बघितले.

एक बघितला, मग चाळीस बघितले. दर वर्षी म्हणे बडी बडी माणसं कुठल्यातरी हॉटेलात दारं लावून बसतात. बँकवाले, तेलवाले, वर्तमानपत्रांचे मालक. बातमी बाहेर येत नाही, फोन आत जात नाही. आणि त्यात कॅनडाचा एखादा होतकरू पुढारी आज पाहुणा म्हणून जातो, तो परवा पंतप्रधान होऊन बाहेर येतो. साडूभाऊंना आता कॅनडाच्या प्रत्येक प्रांताचं राजकारण तोंडपाठ होतं. कुठल्या गावात बर्फ कुणी उचलायचा यावरून कोण पडलं, हेही ते सांगायचे.

"सगळं जर जेवणाच्या टेबलावर ठरणार," ते ताईला म्हणायचे, "तर मी तिकडं बोटाला शाई लावून घेऊ ती काय रांगोळी काढायला?"

"अहो, तिकडं शाई लावतच नाहीत," ताई म्हणायची.

"बघ! तेवढंही नाही!"

अशात मला वसईकराचा फोन आला. हा सूरच्या रस्त्यावरच्या त्या रिसॉर्टचा बँक्वेट मॅनेजर. दर रविवारी नेमानं मिस्साला जाणारा, सज्जन माणूस. गुपित पोटात ठेवतो. म्हणजे उन्हात बोंबील जेवढा वेळ ओला राहतो तेवढा वेळ ठेवतो. मी एसीवाला. कार्डावर इंजिनिअर लिहिलंय, पण तिथल्या थंड हवेची जबाबदारी माझी.

"ये लवकर मॅन," तो म्हणाला. "हॉलचा पार बर्फ झालाय. माझे गेस्ट गारठले. कॅनडाची मोठमोठी माणसं आहेत. नावं विचारू नको, मलाच सांगितली नाहीत. दारावरच्या पाटीवर काही लिहायचं नाही असा हुकूम आहे, सगळ्यांचे फोन माझ्याकडं टोपलीत पडलेत. आणि कोणाला बोलू नको हां!"

मी कोणाला बोललो नाही. फक्त साडूभाऊंना बोललो.

शुक्रवार होता, त्यांना सुट्टी होती, आणि माझा मदतनीस केरळात बहिणीच्या लग्नाला गेला होता. फोन ठेवतोय तोवर साडूभाऊ खाली गाडीपाशी उभे. मदतनिसाची कामाची निळी डांगरी त्यांनी अंगात कोंबली. चेन पोटापर्यंत आली आणि खलास म्हणून थांबली. वर त्यांनी रुमाल खोचला. सूरचा तो रस्ता डोंगरातून खाली समुद्रावर उतरतो, निळं पाणी बघून माणसं गाड्या थांबवतात. साडूभाऊंनी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. पूर्ण वाट ते मला 'खरा अजेंडा' समजावून सांगत होते. रस्त्यात आडव्या आलेल्या शेळ्यांकडंही त्यांनी संशयानं पाहिलं.

हॉलच्या दारातून मी आत डोकावलो तेव्हा जे दिसलं ते सांगतो. खोटं वाटलं तर वाटू दे. ज्या देशात म्हणे गोठलेल्या नदीवरून ट्रक हाकतात, त्या देशाची श्रीमंत माणसं ओमानमध्ये टेबलक्लॉथ पांघरून बसली होती. एकानं तर दोन्ही हात सुपाच्या भांड्यात घातल्यासारखे धरले होते. थंड पाण्याचा व्हॉल्व उघडा तो उघडाच अडकला होता, आणि हॉलमध्ये उत्तर ध्रुव अवतरला होता. आम्ही मागच्या एसीच्या खोलीत शिरलो, आणि मग तो पाना, ते बटण आणि तो "कॅनडा".

तर चमचा पडला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमचं दार उघडलं आणि एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आत आल्या. खांद्यावर टेबलक्लॉथ राजवस्त्रासारखा.

"कॅनडाला कोण हाक मारतंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी "व्हॉल्व, मॅडम" असं काहीतरी पुटपुटलो. साडूभाऊ मात्र डांगरीत मावेल तेवढी छाती काढून पुढं झाले.

"मी. मी तुमच्या देशात राहायला येणार आहे. म्हणजे येणार की नाही ते ठरायचंय. आधी एक सांगा. तुम्ही पंतप्रधान इथं ठरवता का?"

मी व्हॉल्वच्या मागं गेलो. जेवढं मागं जाता येतं त्याहून थोडा जास्तच गेलो.

बाई इतक्या हसल्या की टेबलक्लॉथ घसरला. मग आमच्या खोलीत पंख्याच्या मोटारीची ऊब आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या सरळ माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसल्या.

"ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "एवढी भाषणं ऐकावी लागली नसती."

"म्हणजे नाही ठरवत?"

"नाही. पण अगदीच काही करत नाही असंही नाही." त्यांनी हात चोळले. "उद्या जो मोठा होईल असं वाटतं, त्याला आम्ही जेवायला बोलावतो. तो खरंच मोठा झाला, तर आमचा फोन उचलतो. तुमचा नाही उचलणार."

"आणि नाही झाला मोठा तर?"

"तर जेवण वाया."

"ते कोण ठरवतं?"

"लोक. आणि सांगते, आमची पुष्कळ जेवणं वाया गेली आहेत." त्या उठल्या, माझ्याकडं वळल्या. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास, इन्शाल्ला," मी म्हणालो. त्या परत हॉलमध्ये गेल्या. मी व्हॉल्व हातानं फिरवून बंद केला, आणि अर्ध्या तासात कॅनडा वितळलं.

परतीच्या वाटेवर साडूभाऊंना त्या बाईंचं बोलणं अर्धंच आठवत होतं. कुठलं अर्धं, हे सांगायला नको. "कबूल केलं! स्वतःच्या तोंडानं! जेवायला बोलावतात! आणि फोन उचलतो म्हणे!" वाटेत कुरियात गावाला पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावरच्या बांगलादेशी माणसालाही त्यांनी हिंदीत सगळं सांगितलं. त्यानं काच दोनदा पुसून दिली.

घरी आल्यावर त्यांनी ताईला जाहीर केलं: पासपोर्ट कपाटातून हलणार नाहीत. ताईनं कणीक मळायला घेतली. ताई अशी न भांडता कामाला लागली की माझी बायको घाबरते, लहानपणापासूनची सवय.

आता आमच्या मंडळाचं सांगायला हवं. आम्ही मराठी बौद्ध मंडळी वर्षातून तीन-चार वेळा मस्कतजवळ बरकाला एखादं फार्महाऊस भाड्यानं घेऊन जमतो. वंदना होते, मुलांची भाषणं होतात, पोहणं होतं, आणि मटण असं शिजतं की शेजारच्या मळ्यातल्या खजुरी वाकून बघतात. फेब्रुवारीत नवा अध्यक्ष निवडतात. निवडतात म्हणजे दर वर्षी बिनविरोध. आदल्या संध्याकाळी साडूभाऊंच्या घरी आम्ही पाच जण जेवायला बसतो, यंदा कोण ते बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. साडूभाऊंना याचा फार अभिमान. "आपल्यात भांडणं नाहीत," ते म्हणायचे. "एकमत आहे."

यंदा माझा नंबर होता. शाल आणलेली होती, ती मी अंगावर टाकून आरशात पाहिली होती. भाषण तयार होतं आणि गाडीत दोन सिग्नलना म्हणून झालं होतं.

रिसॉर्टहून आल्यानंतरच्या गुरुवारी आम्ही पाच जण ताटावर बसलो. माझ्या नावावर पहिल्या भाकरीतच शिक्कामोर्तब झालं. दुसऱ्या भाकरीला साडूभाऊंनी रिसॉर्टची कथा लावली. आता तिच्यात बाया साताठ झाल्या होत्या आणि दारावर बंदूकधारी आले होते.

"बघा म्हणजे," ते म्हणाले, "चार माणसं दार लावून जेवतात, पुढचा माणूस ठरवतात, आणि बिचाऱ्या लोकांना वाटतं की आपण निवडला! लोकशाही म्हणे!"

ताई रस्सा वाढायला आली होती. तिनं पळी साडूभाऊंच्या ताटावर तशीच धरली.

"म्हणजे तिकडं जेवण हॉटेलात असतं आणि इथं मला रांधावं लागतं," ती म्हणाली. "एवढाच फरक ना?"

आम्ही पाचही जण ताटात बघायला लागलो. ताटात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं. मी एक हाड उलटंपालटं करून पाहिलं.

"हे वेगळं आहे," साडूभाऊ म्हणाले.

"काय वेगळं?"

"आपल्यात एकमत आहे."

"मग उद्या मत घ्या. गुप्त. एकमत असेल तर तेच निघेल."

साडूभाऊंना आव्हान दिलं की ते विचार करत नाहीत, ही त्यांची मोठी खुबी. "घेतो!" ते गरजले. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबानं टीव्ही बंद केला. "घेतो मत! या ताटावर ठरलेलाच माणूस उद्या निवडून आला, तर मी म्हणतो तेच खरं. जेवणारेच जिंकतात, कॅनडा रद्द!"

"आणि पडला तर?"

"पडला तर पासपोर्ट तुझे!"

"बरं," ताई म्हणाली आणि पळी सोडली. "ते बरोबर आणा. निवडणूक आहे, अनामत हवी."

माझ्याकडं कुणी बघितलंच नाही. अध्यक्ष व्हायचं तर मला होतं! आणि आता मी निवडून यावं की पडावं, यावर एक अख्खं कुटुंब कुठल्या खंडात राहणार ते ठरणार होतं.

शुक्रवारी बरकाला वंदना झाली आणि साडूभाऊंनी उभं राहून माझं नाव सुचवलं. माझ्या गुणांची त्यांनी जी यादी वाचली ती ऐकून मीच मागं वळून पाहिलं, कुणी दुसरा उभा आहे का. अनुमोदन आलं. टाळीसाठी हात वर गेले, आणि ताई उभी राहिली.

"माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सुचवते," ती म्हणाली.

म्हणजे माझी बायको.

बायको सॅलडच्या काकड्या चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं. पण चालेल."

मग जो गोंधळ उडाला! मंडळात कधी मत पडलेलंच नव्हतं, त्यामुळं पेटी नाही, चिठ्ठ्या नाहीत, पेन एकच आणि तेही वाळलेलं. शेवटी स्वयंपाकघरातून राजमा आणि छोले आले. बायकोला राजमा, मला छोला. सरबताचा मोठा थर्मास रिकामा करून त्यावर टॉवेल टाकला. प्रत्येकानं मुठीत एक दाणा न्यायचा, टॉवेलखाली हात घालायचा, सोडायचा. शाळेतली मुलं निवडणूक अधिकारी झाली. आपापसात इंग्रजीत कडाकडा भांडून त्यांनी रांग लावली आणि एका मुलीनं निळा मार्कर काढला: मत दिलं की बोटावर खूण.

प्रचार जोरात झाला. साडूभाऊ पोहण्याच्या तलावाच्या काठावरून माझ्यासाठी भाषण देत होते. पोहणाऱ्यांनी ऐकू येऊ नये म्हणून बुड्या मारल्या. बायकांनी भाषण केलंच नाही. त्या दोघी-दोघी खजुरीच्या सावलीत गेल्या आणि हसत परत आल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी टॉवेलखाली कुठला दाणा सोडला ते सांगणार नाही. गुप्त मतदान होतं.

साडूभाऊंची पाळी आली तेव्हा मात्र मी बघत होतो. ते थर्मासपाशी गेले, शर्टाला मतदानाच्या दिवसाची इस्त्री असल्यासारखा हात फिरवला, केस सारखे केले. टॉवेलखाली हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मागून पोरं ओरडली, "अंकल, फास्ट!" मग त्यांनी हात काढला, बोट पुढं केलं. मुलीनं निळी रेघ ओढली. साडूभाऊंनी ते बोट उन्हात धरलं, दुसऱ्या बोटाजवळ नेऊन पाहिलं, आणि एवढ्या मोठ्या आवाजाचा तो माणूस हळूच पंपाच्या खोलीमागं गेला. डोळ्यांत क्लोरीन गेलं, असं नंतर म्हणाले. तलावाला ते अजून शिवलेही नव्हते.

थर्मास मोठ्या परातीत उपडा केला. मोजायची गरज पडली नाही. परात लाल होती. माझे छोले कडेला बसले होते, परक्या लग्नात आल्यासारखे. कुणीतरी मसूरही टाकली होती. ती कुणाची हे अजून कळलेलं नाही.

"मावशी जिंकला!" निवडणूक अधिकारी आपल्या तोडक्या मराठीत ओरडली आणि सगळे पाण्यात. साड्यांसकट दोघी-तिघी. मी तयार केलेली शाल बायकोच्या खांद्यावर मीच घातली. भाषण करू का विचारलं, तर नव्या अध्यक्षांनी मला काकड्या चिरायला बसवलं.

आणि साडूभाऊ? हरलेल्या माणसाचं तोंड असं असेल तर मला रोज हरायला आवडेल. ते घरोघर पत्रिका वाटावी तसं बोट दाखवत फिरत होते. फार्महाऊसचा मालक, म्हातारा ओमानी अर्बाब, भाडं घ्यायला आला, त्यालाही दाखवलं. त्यानं आधी जखम समजून चौकशी केली, मग प्रकार कळल्यावर साडूभाऊंना छातीशी धरलं आणि एक खजुराची पेटी दिली.

"जेवण वाया गेलं!" साडूभाऊ सगळ्यांना सांगत होते. "आम्ही पाच जण जेवलो, ठरवलं, आणि वाया गेलं! लोकांनी घालवलं! त्या बाई बरोबर बोलल्या होत्या!" त्या बाई पुढं काय म्हणाल्या होत्या ते त्यांना आता शब्दन् शब्द आठवत होतं.

निघताना, गाडीत पातेली चढवत असताना, त्यांनी ताईला बाजूला बोलावलं. पासपोर्टांची प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांत धरली, जशी एखाद्याला ट्रॉफी देतात. आजूबाजूला माणसं थांबली. मी पातेलं धरून थांबलो.

"घे," साडूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बरकाच्या बाजारापर्यंत गेला असेल. "मी सोबत येणारा तर सोबत येणारा! बर्फात राहीन, बर्फ उचलीन. पाच वर्षं थांबावं लागलं तर थांबीन. पण ज्या दिवशी माझं मत पडेल त्या दिवशी त्यांच्या मोठमोठ्या जेवणांचं काय करायचं ते मी बघतो! पाठव उद्याच्या उद्या! आता एक दिवस थांबायचं नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं पिशवी घेतली, तिन्ही पासपोर्ट काढले, एकेक उघडून पहिल्या पानावरची तारीख पाहिली.

"तुमचा पुढच्या महिन्यात संपतोय," ती म्हणाली. "आधी नवा काढायला टाका."